काठवालीची रेघ

उभी

"मधलं कुणीही विणतं, काठाला बाई लागते," असं सासू म्हणायची, आणि एवढं बोलून पातं पुन्हा दातात धरायची.

चटईचा काठ विणताना दोन्ही हात गुंतलेले असतात. तिसरा हात दातांचा. पाणकणसाचं बुडाकडचं पांढरं, चिखलातून नुकतं उपसलेलं, अजून गार. त्याला नखानं खाच द्यायची, एक बाजू दातात पकडायची, दुसरी खाली ओढायची. सर्रकन दोन फाका होतात. त्यातली एक पुन्हा दातात. दिवसभर असंच. म्हणून काठवालीशी बोलायचं तर तिला हो-नाही म्हणता येईल एवढंच बोलायचं. एक हुंकार म्हणजे हो. दोन म्हणजे नाही. नाकातून सोडलेला लांब श्वास म्हणजे, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

तळ्याकाठची ही वस्ती पाणकणसावर, पाण्यात उभ्या उंच गवतावर, जगते. पुरुष तराफ्यावर उभे राहून लांब दांड्याच्या विळ्यानं पाती कापतात, बायका ती सुकवून, उभी-आडवी घालून, चटया विणतात. हिरवी पाती मधल्या अंगाला. पांढरं फक्त काठाला, कारण ते मऊ असतं, दुमडलं तरी मोडत नाही. कापायचं ते पाण्याच्या वर. उपटायचं ते काठापुरतं. या धंद्यात याच्यापलीकडे नियम नाही.

त्या दिवशी सकाळी ओसरीत सासूच्या उजव्या हातातून फाक सुटली. तिनं ती उचलायला हात पुढे केला. कोपर वर आलं, मनगट आलं नाही. पंजा खाली लोंबत राहिला, दोरीवर टाकलेल्या ओल्या फडक्यासारखा.

"काय झालं आई?" सुनेनं विचारलं.

दोन हुंकार.

"काही नाही काय? हात बघा तुमचा."

सासूनं तोंडातलं पातं काढलं. डाव्या हातानं उजवा पंजा उचलून मांडीवर ठेवला, झोपलेलं मांजर ठेवावं तसा. "रुसलाय. रात्री अंगाखाली आला असेल."

"आजीचा हात झोपला," चिमणी म्हणाली. ही सुनेची मुलगी. दुधाचे दात पडून नवे येत होते, बोलताना फटीतून हवा जायची.

"झोपू दे. म्हातारा झालाय."

पण दुपारपर्यंत हात उठला नाही. मग सासूनं फाक डाव्या हातात घेतली, उजव्या कोपरानं चटई दाबून धरली आणि दातांवर दुप्पट काम टाकलं. सून बघत होती. ओठ मागे ओढला गेला की सासूच्या खालच्या हिरडीवरची रेघ दिसायची. दातांच्या मुळाशी, निळसर काळी, बारीक टाकानं ओढावी तशी.

वस्तीतल्या सगळ्या जुन्या काठवाल्यांना ती होती. रेघ उमटली म्हणजे बाई तयार झाली. नवी सून काठाला बसली की शेजारणी अंगठ्यानं तिचा ओठ खाली ओढून बघायच्या, "उमटली का गं?" या सुनेला लवकर उमटली नाही. त्यावरून तिनं पुष्कळ ऐकून घेतलं होतं. मधलं विणणारी, मधलीच राहणारी. मागच्या महिन्यात आरशाच्या तुकड्यात तिला हिरडीवर पुसटशी सावली दिसली, तेव्हा ती धावत जाऊन सासूला दाखवून आली होती. सासूनं तोंडातलं पातं न काढता तिच्या पाठीवर थाप मारली होती.

आडवी

पाणकणसाला पळता येत नाही.

वरच्या अंगाला भट्टी आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडतात आणि आतलं शिसं वितळवतात. भट्टीचं पाणी ओहोळात येतं, ओहोळ तळ्यात. ओहोळाच्या तोंडाशी पाणकणीस उभं आहे, कमरेएवढ्या पाण्यात, पाय काळ्या चिखलात. चिखलात हवा नसते. मग ते वरून हवा आणतं. पातं आडवं कापून बघावं, आत नुसत्या पोकळ खोल्या. त्यांतून वाऱ्याचा घोट मुळापर्यंत उतरतो आणि मुळाच्या टोकातून थोडा बाहेर झिरपतो. हवा लागली की चिखलातलं लोखंड गंजतं. तो गंज मुळावर बसतो, तांबूस, सालीसारखा. शिसं आलं की आधी त्या गंजाला चिकटतं.

म्हणजे दारातच अडवलं.

उभी

दुसऱ्या दिवशी बुटवाली आली.

ती शहरातल्या कॉलेजातून पाण्याचे नि झाडांचे नमुने न्यायची. उन्हाळ्यात पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पाणकणसाची पाती एका पिशवीत, पांढरं दुसऱ्या पिशवीत आणि मुळं तिसऱ्या पिशवीत भरली. "भाजी न्यायचीय तर एकाच पिशवीत न्या की बाई," असं म्हणून वस्ती हसली. परत फिरताना तिचा एक रबरी बूट चिखलात रुतला तो रुतलाच. सुनेच्या नवऱ्यानं तराफ्यावरून विळ्याच्या दांड्यानं तो उपसून काढला आणि आतलं पाणी तिच्यासमोर ओतलं. आत एक बेडूक होता. तेव्हापासून ती बुटवाली.

आज ती ओसरीत चटईवर बसली. सुनेनं तांब्याभर पाणी दिलं. तिनं तांब्या हातात घेतला, तोंडाजवळ नेला, खाली ठेवला.

"नको का?"

"आत्ताच प्यायले."

पाणी तळ्याकाठच्या विहिरीचं होतं. सुनेनं तांब्या उचलून आत नेला, आणि आत गेल्यावर त्याच्याकडे बघत उभी राहिली.

बाहेर बुटवाली नवऱ्याला सांगत होती, "मुळांत शिसं भरपूर निघालं. पांढऱ्यात त्याहून कमी, पण आहे. हिरव्या पात्यांत अगदी थोडं. फक्त सगळ्यांत बाहेरचं जे जुनं पातं असतं ना, त्यात जरा जास्त."

"ते पातं हल्ली लवकर पिवळं पडतं," नवरा म्हणाला. "आम्ही म्हणतो कीड."

"कीड नसावी. जे आत शिरलंच, ते झाड जुन्या पात्यात ढकलतं आणि पातं टाकून देतं, असं आम्हाला वाटतंय."

"शहाणं आहे. आमच्या घरातलं बाहेरचं पातं भट्टीवर कामाला जातं. ते काही गळत नाही." हे त्याच्या धाकट्या भावाबद्दल होतं.

बुटवाली हसली आणि हसता हसता तिची नजर सासूकडे गेली. सासू कोपरानं चटई दाबून फाक ओढत होती. लोंबणारा पंजा चटईच्या काठावर डुलत होता.

"आजी, जरा ओठ खाली कराल?"

सासू खूश झाली. शहरातल्या बाईला रेघेचं माहीत आहे, हे तिला आवडलं. तिनं पातं काढलं, डाव्या अंगठ्यानं ओठ ओढला आणि मान उंच केली.

बुटवालीचा चेहरा उतरला. "ही सगळ्यांना आहे?"

"सगळ्यांना कुठली? तयार बाईलाच येते. हिला आत्ता कुठे उमटतेय."

"आजी, ही शिशाची रेघ आहे. शिसं अंगात गेलं की हिरडीवर अशी दिसते. हात पडलाय तोही त्यामुळेच असणार. पोटात कळा येतात का?"

कळा येत होत्या. त्या येतातच, असं सगळे धरून चालले होते.

मग सुनेचं लक्ष चिमणीकडे गेलं. ती आजीशेजारी उकिडवी बसली होती आणि तिच्या तोंडात, नव्या दातांच्या फटीत, पांढऱ्याची एक फाक होती. सून उठली, पोरीच्या तोंडात बोट घातलं आणि फाक खेचून काढली. चिमणीनं घाबरून बोटाला कडकडून चावा घेतला. बोटावर रक्त आलं. सुनेनं फाक अंगणात भिरकावली आणि पोरीला तसंच ओढत रांजणापाशी नेलं. तिथे पुन्हा तिचा हात थांबला. पाणीही तेच.

"उठा," सासू बुटवालीला म्हणाली.

"आजी, मी..."

"जन्मभर काठ विणलाय मी. लोक माझा काठ बघून वस्ती ओळखतात. माझी रेघ म्हणजे रोग? उठा माझ्या चटईवरून."

बुटवाली उठली. पायऱ्यांशी थांबून, नवऱ्याकडे बघून पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दवाखान्यात सगळ्यांचं रक्त तपासून घ्या. आणि मुळं कुणाला उपटू देऊ नका. इतकी वर्षं त्यांनीच धरून ठेवलंय. ती हलली तर सगळं पाण्यात येईल. आठवड्याभरात भट्टीच्या तपासणीची सरकारी माणसं येतायत, त्यांना मुळंच दाखवायचीत."

ती गेल्यावर सासूनं पांढरं हातात घेतलं. दाताजवळ नेलं. सुनेकडे बघितलं आणि मुद्दाम, सावकाश, दातात धरलं.

आडवी

आत शिरलेल्या शिशाला मूळ वर जाऊ देत नाही. पेशींच्या भिंतीत चिणून ठेवतं. मूळ काळं पडतं, आखूड होतं, वेडंवाकडं वाढतं. वर मात्र पातं हिरवंगार. बघणारा म्हणतो, तळ्याला काय झालंय? छान तर आहे.

उभी

संध्याकाळी धाकटा दीर भट्टीवरून आला. कपड्यांना राखाडी धूळ होती. ती त्यानं अंगणात झटकली, रोज झटकायचा तशी.

"कपडे तिकडे लांब झटका, भाऊजी," सून म्हणाली.

"आज काय नवीन?"

"आज सगळंच नवीन आहे."

तो ओसरीच्या कडेला टेकला आणि पोटाशी हात धरून वाकला. कळ जाईपर्यंत तसाच राहिला. मग म्हणाला, "चांगली बातमी आणलीय. परवापासून तळ्याची सफाई. सगळ्या वस्तीला काम. रोजी चांगली आहे. लोखंडी आकडे भट्टी देणार."

"आकडे कशाला?" नवऱ्यानं विचारलं.

"पाणकणीस काढायचंय. मुळासकट. ट्रक येणार भरून न्यायला."

"तळ्याची एकाएकी घाण वाटायला लागली भट्टीच्या मुकादमाला?" सून म्हणाली.

"डास होतात वहिनी त्यानं."

"डास तुमच्या जन्माआधीपासून आहेत. मुकादमाला आज चावले?"

"तुम्ही आणि तुमचं पाणकणीस! चटया कोण घेतं आता? प्लास्टिकच्या मिळतात, धुतल्या की झालं. या घरावरचं छप्पर चटयांनी आलं की भट्टीनं?"

सगळ्यांनी वर बघितलं.

"भट्टीनंच," नवरा म्हणाला. "म्हणून तर गळतंय."

दीर चिडला. "हसा. मुकादम म्हणाला, तुझ्या घरातून कुणी आलं नाही तर तूही येऊ नकोस. मी त्याला शब्द दिलाय."

दुपारपासून सासूनं काही खाल्लं नव्हतं. आता ती भिंतीला धरून उठली, धाकट्यासमोर येऊन बसली आणि डाव्या हातानं त्याची हनुवटी पकडली.

"तोंड उघड."

"काय आई, लहान आहे का मी?"

"उघड."

तिनं अंगठ्यानं त्याचा ओठ खाली ओढला. उजेड उतरला होता, तरी दिसायला अडचण नव्हती. त्याच्या हिरडीवर रेघ होती. तिच्याहून गडद.

"तू कधी काठ विणलास?"

"मी? मी कशाला विणू?"

"एकदा तरी पांढरं दातात धरलंस?"

"काय बोलतेस आई! रेघ ना? ती भट्टीवर सगळ्यांना असते. धुराचा डाग आहे. मुकादम म्हणतो घासला की जातो."

"गेला?"

त्यानं जिभेनं हिरडी चाचपली.

सासूनं त्याचा ओठ सोडला. अंगठा स्वतःच्या कपड्याला पुसला. ती तळ्याकडे वळली. मग कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाली, "माझ्या सासूला नव्हती. तिच्यासारखा काठ मला जन्मात आला नाही. आणि तिला रेघ नव्हती. भट्टी तिच्या मागून आली."

चिमणी म्हणाली, "आजी, तू इतकं बोलतेस?"

"तोंड मोकळं आहे आज," सासू म्हणाली.

आडवी

बाहेरचं पातं गळून पडलं. त्याच्याआतलं आता बाहेरचं झालं.

उभी

दुसरा दिवस सुनेचा पायपिटीत गेला. घराघरात काठवाल्या पातं दातात धरून बसल्या होत्या, त्यामुळे सुरुवातीला तिलाच बोलावं लागलं आणि उत्तरादाखल नाकातले लांब श्वास ऐकावे लागले. मग ती प्रत्येक घरी एकच विचारायला लागली. तुमच्या घरातून भट्टीवर कोण जातं? बोलवा. ओठ बघा त्याचा. कुठे मुलगा होता, कुठे जावई. एका घरात रेघ बघून म्हातारी इतकी चिडली की तिनं मुलाच्याच थोबाडीत मारली, जणू त्यानं तिचं काहीतरी चोरलं होतं. एकीनं सुनेला हाकलून दिलं. "तुला उमटत नाही म्हणून आमच्या रेघेवर उठलीस होय?" सुनेनं स्वतःचा ओठ ओढून दाखवला.

सफाईच्या दिवशी ऊन कडक होतं. बांधावर ट्रक उभा होता. मुकादम आकडे वाटत होता; लांब बांबू, पुढे वाकवलेली सळई. वस्तीतले पुरुष घेत होते. रोजीला नाही म्हणणं सोपं नसतं, आणि मुलं भट्टीवर असलेल्यांना तर नाहीच. धाकटा दीर सगळ्यांत पुढे होता. घराकडे त्याची पाठ होती.

सुनेचा नवरा तराफा घेऊन आला. हातात नेहमीचा विळा. तो पाणकणसात शिरला आणि पाण्याच्या वर हातभर ठेवून पाती कापायला लागला.

"ए, आकडा घे!" मुकादम ओरडला.

"मला येत नाही."

"उपटायला काय यायचंय?"

"तेच ना. कुणी शिकवलंच नाही."

काही जण हसले. मुकादमाचे कान लाल झाले. "तुझी म्हातारी लुळी पडली, आता तूही का? वर ये. तराफा बाजूला घे. नाहीतर बुडवीन."

नवऱ्यानं तराफा बाजूला घेतला नाही. मुकादमानं खूण केली तसे दोघे जण पाण्यात उतरले आणि त्यांनी तराफा उलटा केला. नवरा पाण्यात पडला. चिखलानं माखल्या तोंडानं उठला, आणि चाचपडत विळा शोधायला लागला. बांधावर पुन्हा हसू फुटलं, पण या वेळी थोड्यांचं.

ओहोळाच्या तोंडाशी आकडे लागले.

आडवी

मूळ चिखलाला धरून असतं आणि चिखल मुळाला, दोघांतलं कोण कुणाला धरून आहे ते सांगता येत नाही, म्हणून आकडा लागला की पहिल्यांदा काहीच होत नाही, मग आतून तटतट आवाज येतो, गंजाची साल सुटते आणि

उभी

पाणी काळं झालं. तळाचा जुना वास वर आला. नाकाला नुसता चिखल लागत नव्हता, त्याखाली आणखी काहीतरी होतं, जिभेवर येणारं, नाणं तोंडात धरल्यासारखं. काळा ढग सावकाश पसरत निघाला आणि त्याचं तोंड विहिरीच्या बाजूला होतं. उपटलेली पाणकणसं बांधावर पडत होती. त्यांची मुळं उन्हात वाळताना तांबडी दिसत होती.

तेव्हा वस्तीकडून बायका आल्या.

पुढे सासू. तिचा उजवा हात सुनेनं फडक्यानं गळ्यात बांधला होता. मागे काठवाल्या, जिनं सुनेला हाकललं होतं तीही. त्या बांधावर थांबल्या नाहीत. सरळ पाण्यात उतरल्या आणि जे पाणकणीस अजून उभं होतं त्याच्यापुढे, कमरेएवढ्या पाण्यात, ओळीनं उभ्या राहिल्या. सून सासूच्या शेजारी. आकडेवाले थांबले.

"काय आहे? पोहायला आलात?" मुकादम म्हणाला.

सासूनं डाव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढला. मान उंच केली. बाजूच्या बाईनं ओढला. तिच्या बाजूच्या बाईनं. ओळभर अंगठे, ओळभर ओठ, ओळभर निळ्या रेघा.

"तोंडं काय वेंगाडताय?"

"वाच," सासू म्हणाली. ओठ धरलेला असल्यामुळे शब्द वेडावाकडा निघाला, पण निघाला.

"काय वाचू?"

"लिहिलंय ते. तुझ्या भट्टीनं लिहिलंय. आम्ही अडाणी, आम्हाला वाटलं कौतुक लिहिलंय."

मुकादमानं शिट्टी फुंकली. "चला रे, ओढा! दुसऱ्या बाजूनं ओढा!"

कुणी हाललं नाही. आकडा पुढे टाकायचा तर कुणाची ना कुणाची आई समोर होती. एक जण आकड्याचं टोक पाण्यात बुडवून उगाच धूत राहिला.

सासूच्या पायांखालचा चिखल सरकत होता, धरायला एकच हात, आणि तो ओठावर. तो तिनं काढला नाही. सुनेनं तिला कमरेला धरलं, पण सुनेचेही पाय रुतत होते.

"आई, बस झालं, वर चला."

दोन हुंकार.

धाकटा बांधावरून बघत होता. त्याच्या हातात आकडा होता. तो पाण्यात उतरला तेव्हा मुकादमाला वाटलं की निदान हा तरी आपला. "शाब्बास! कर सुरू."

दीर आईजवळ गेला. आकडा उलटा केला, सळई खाली, आणि सगळं बळ लावून तिच्या शेजारी चिखलात रोवला. बांबू हलवून बघितला. पक्का बसला होता.

"धर," तो म्हणाला. "याला धर."

"कशानं धरू? एक हात रुसलाय, एक कामात आहे."

"मग टेक."

ती बांबूला पाठ लावून टेकली. दीर तिच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला, मुकादमाकडे तोंड करून, आणि त्यानं आपला ओठ खाली ओढला.

"उद्यापासून कामावर येऊ नकोस!" मुकादम ओरडला.

"उद्या कशाला? मी आजही कामावर आलेलो नाहीये."

यावर ओळीतली एक म्हातारी खो खो हसली, हसताना तिचा ओठ सुटला, तो तिनं पुन्हा पकडला. एकेक आकडा बांधावर टाकला जाऊ लागला. टाकणारे मुकादमाकडे बघत नव्हते. काही घरी गेले. काही पाण्यात उतरले.

"मशीन आणतो," मुकादम म्हणाला. "मशीनला आई नसते."

"आण," सून म्हणाली. आवाज चढला आहे हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. "ड्रायव्हरला असेलच."

तपासणीची माणसं येईपर्यंत पाळ्या लावून त्या तिथे उभ्या राहिल्या. पायांची कातडी पांढरी पडून सुरकुतली. विहिरीवर फळी टाकून दगड ठेवले आणि पाणी लांबच्या खडकातल्या झऱ्यावरून आणायचं ठरलं. त्या खेपा पुरुषांनी घातल्या, आणि डोक्यावर घागर पहिल्यांदाच घेतल्यामुळे निम्मं पाणी अंगावर घेत आले. मशीन एकदा आलं, बांधापर्यंत आलं, ओळ बघून उभं राहिलं आणि डिझेल जाळून परत गेलं.

मग बुटवाली आली, सोबत तपासणीची माणसं घेऊन. त्यांच्यातल्या एकानं हातमोजे चढवले आणि विचारलं, "किती उपटू?"

"एक," सासू म्हणाली. "काठापुरतं."

आडवी

ओहोळाच्या तोंडाशी उघडा काळा चिखल राहिला. तिथे काही उभं नव्हतं. पण आकड्यानं सगळं कधीच निघत नाही. बोटाएवढा एक तुकडा खाली तुटून राहिला होता, वर काळा, आत अजून पांढरा. त्यातून एक टोकदार हिरवी सुई निघाली. तिला पाण्याच्या वर यायला वेळ लागला. वर आल्यावर पहिलं काम तिनं खाली हवा पाठवायचं केलं.

काठ

भट्टीला टाळं लागलं. मुकादम सांगत फिरतो की ते तात्पुरतं आहे. असेलही. वस्ती रोज सकाळी उठून आधी धुराड्याकडे बघते.

दवाखान्यात सगळ्यांनी रक्त दिलं. दीर घरी आहे, औषध घेतो, तराफा चालवायला शिकतोय आणि दिवसातून एकदा पाण्यात पडतो. सासूचा पंजा अर्धा उठतो. चिमणीच्या रक्तातही शिसं निघालं, थोडं. त्या दिवशी सून घरी आली, घरातलं सगळं पांढरं खोल खड्ड्यात पुरलं, वर माती लोटली आणि दगड ठेवला.

आता काठ हिरव्या पात्याचा असतो. ते दातानं चिरता येत नाही आणि चिरायचंही नाही. ओसरीच्या खांबाला लाकडी खुंटी ठोकलीय, तिच्या फटीत पातं अडकवून ओढायचं. फाका कमी-जास्त होतात. दुमडताना पातं कटकन मोडतं, मग गाठ मारावी लागते. चिमणी गाठी मोजते आणि आजीला चिडवते.

चटया घेणारा व्यापारी आला. त्यानं एक चटई उलगडली, काठावरून हात फिरवला आणि तोंड वाकडं केलं.

"हा काय काठ आहे? आजी, तुमचा काठ कुठे गेला?"

"हाच माझा."

"हा वाकडा आहे. गाठी लागतात हाताला. गिऱ्हाईक घेणार नाही."

"गिऱ्हाइकाला सांग, पूर्वीच्या सरळ काठात शिसं होतं. सरळ काठावर त्याची पोरं रांगली. तुझी पण रांगली असतील. तुझ्या घरी आहेत ना आमच्या चटया? किती आहेत? कुठल्या खोलीत अंथरल्यास? पोरं चघळतात का कडा? आणि तू, इकडे ये, उजेडात ये, ओठ बघू तुझा. मागे काय सरतोस?"

व्यापारी सुनेकडे वळला. "या पूर्वी किती शांत होत्या हो. मी इतकी वर्षं येतोय, कधी शब्द ऐकला नाही."

सून खुंटीला पातं अडकवत होती. तिनं मान वर केली नाही.

"तेव्हा तोंडात काहीतरी असायचं," सासू म्हणाली. "आता नाही. बस खाली. अजून झालं नाही माझं."